ध्येय आधी की काम आधी?

ध्येय कसे ठरवावे, याचे उत्तर आता सगळ्यांना पाठ झाले आहे. ते नेमके हवे, मोजता येण्याजोगे हवे, त्याला तारीख हवी आणि ते कागदावर लिहून रोज डोळ्यांसमोर हवे. शाळेतल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासापासून कंपन्यांच्या वार्षिक मूल्यमापनापर्यंत हीच सूत्रे सांगितली जातात. ज्याला ती पाळता येत नाहीत त्याच्यात जिद्द नाही, असेही मग मानले जाते. हे मानणे चुकीचे आहे, आणि अन्यायाचेही. ध्येयाला आकार द्यायचा तो कामाच्या स्वरूपावरून आणि ते करणाऱ्याच्या परिस्थितीवरून. आधी साचा घेऊन त्यात काम बसवू गेले की चांगली माणसे चांगल्या कामावरून उठून जातात, आणि दोष स्वतःलाच देत राहतात.

पूर्वपक्ष मात्र न्यायाने मांडला पाहिजे. त्याच्या बाजूने सांगितली जाणारी सर्वांत लोकप्रिय गोष्ट आधीच वगळू: येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्यांपैकी ज्या ३ टक्क्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, ही. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने तिचा माग काढला, तेव्हा असा अभ्यास झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. पण खरा पुरावा वेगळा आहे आणि तो भक्कम आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले की ‘होईल तेवढे कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय दिले की काम जास्त होते. लॅथम यांनी एका सहकाऱ्यासह ओक्लाहोमातल्या लाकूडवाहू ट्रकचालकांचा जो अभ्यास केला, तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. चालक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या साठेक टक्केच माल भरत होते. त्यांच्यापुढे ९४ टक्क्यांचे ध्येय ठेवले, आणि काही महिन्यांत भरणा नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पगार वाढवला नव्हता, वेगळे बक्षीसही ठेवले नव्हते.

हा निष्कर्ष मला मान्य आहे. प्रश्न तो कुठवर लागू पडतो, एवढाच आहे. ट्रक कसा भरायचा हे त्या चालकांना आधीपासून येत होते. भरणा काट्यावर मोजता येत होता, आणि फेरी संपली की निकाल हातात पडत होता. ही परिस्थिती बदलली की काय होते, हे रूथ कॅनफर आणि फिलिप अॅकरमन यांच्या १९८९ च्या अभ्यासात दिसते. त्यांनी अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचे एक अनुकरणात्मक काम शिकवले. शिकण्याच्या सुरुवातीलाच कामगिरीचे नेमके ध्येय दिले तर ती खालावली; काम अंगवळणी पडल्यावर मात्र तसलेच ध्येय उपयोगी पडले. जे लक्ष शिकण्याकडे हवे, ते आकड्याकडे गेले. आणि माणसाच्या आयुष्यातली मोठी ध्येये बहुतेक वेळा अशाच, अजून न येणाऱ्या कामांची असतात. ‘स्मार्ट’ या नावाने गाजलेल्या पंचसूत्रीचे मूळही पाहण्याजोगे आहे. जॉर्ज डोरन यांनी ती १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक मासिकात व्यवस्थापकांसाठी मांडली. काम कोणाकडे सोपवायचे, हा तिच्यातला एक मुद्दा होता. प्रत्येक उद्दिष्ट पाचही कसोट्यांना उतरेलच असे नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. कचेरीतल्या कामवाटपासाठी केलेले हे साधन पुढे माणसाच्या सगळ्या आयुष्याला लावले गेले.

मराठी ज्ञानव्यवहारातली दोन कामे शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश हाती घेतला तेव्हा नागपुरात कंपनी काढली, भागभांडवल उभारले, वर्गणीदार मिळवले. २३ खंडांचे ते काम १९२० च्या दशकात बाहेर आले. तिथे आराखडा, मुदत, हिशेब सगळे हवेच होते, कारण अनेकांचे हात आणि अनेकांचे पैसे त्यात गुंतले होते. पांडुरंग वामन काणे यांची वाट याहून अगदी वेगळी. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मानस होता. तो ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेचा विषय मात्र वाढत गेला आणि १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत, साडेसहा हजारांहून अधिक पानांत, धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. शेवटचा भाग आला तेव्हा काणे ऐंशी ओलांडून गेले होते. पाच खंडांचे नेमके ध्येय लिहून द्या, असे त्यांना आरंभी सांगितले असते तर ते देता आले नसते. कामाचा विस्तार काम करतानाच कळत होता. त्यांच्यापाशी दिशा होती, पुढचा टप्पा होता आणि शिस्त होती. केतकरांची पद्धत काण्यांवर लादली असती किंवा काण्यांची केतकरांवर, तर दोन्हीतले एकही काम झाले नसते, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल की काण्यांसारखे विद्वान अपवाद असतात, सामान्य माणसाला ठरीव कृतीच बरी. मला उलटे दिसते. ठरीव कृती ज्याच्यासाठी बनली त्याला महिन्याचा पगार आहे, वेळ त्याच्या ताब्यात आहे आणि उद्याची त्याला बऱ्यापैकी कल्पना आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापाशी यातले काहीच नाही. म्हणून परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच्यासाठी आपत्कालीन पीक नियोजन सांगते: पाऊस वेळेवर आला तर अमुक पेरा, लांबला तर मूग-उडीद सोडा आणि तूर-बाजरीकडे वळा. हे सशर्त ध्येय आहे. त्यात ढिलेपणा नाही. कोणत्या वेळी काय करायचे ते आधीच ठरलेले आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘असे झाले तर मी तसे करीन’ या घाटाच्या संकल्पांचा अभ्यास केला आणि ते नुसत्या संकल्पापेक्षा जास्त तडीस जातात असे दाखवले. पाळीची नोकरी करणारा कामगार, घरातल्या आजारपणाभोवती आपला अभ्यास बसवणारी मुलगी, यांना असल्या घाटाची गरज सर्वांत जास्त आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेतल्या यशस्वी उमेदवाराचे वेळापत्रक उतरवून घेतले जाते, तेव्हा त्या उमेदवाराचे घर, झोप आणि आधीची तयारी यांची नक्कल होत नाही, हे विसरले जाते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्याची त्याची पद्धत म्हटले की आळसाला सबब मिळते. हा धोका खरा आहे. पण सबब साच्यातही सापडते. तारीख पुढे ढकलता येते, सोपा आकडा निवडता येतो. माणसामाणसांतला फरक मात्र कल्पनेतला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगी बाणायला सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. २१ दिवसांत सवय लागते असे सांगणारा माणूस यांतल्या बहुतेकांना बाविसाव्या दिवशी नापास ठरवणार. म्हणून आपली पद्धत शोधायची तर आधी आपल्याच मागच्या कामांची नोंद तपासावी: कोणती तडीस गेली, तेव्हा मुदत बाहेरून आली होती का, सोबत कोणी होते का, वाट आधी माहीत होती का. वाट माहीत असेल तिथे आकडा आणि तारीख निःसंकोच घ्यावी. ती माहीत नसेल तिथे काय शिकायचे आणि पुढचे पाऊल कोणते, एवढेच ठरवावे. निकाल दुसऱ्याच्या हाती असेल, जागा मोजक्या आणि उमेदवार लाखो असतील, तर निवड होणे हे ध्येय न ठेवता तयारीचे ध्येय ठेवावे, आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे हेही आधीच लिहावे. या पद्धतीलाही मुदत हवी. ठरवलेल्या काळात लिहिलेली पाने, सोडवलेली गणिते, नांगरलेली जमीन असे दाखवण्याजोगे काहीच हाती नसेल, तर ती पद्धत टाकून दुसरी धरावी.