तळ्यांतील गाळाची साक्ष

वडील मंडळींच्या तोंडून आपण नेहमीं ऐकतों कीं, पूर्वीं पाऊस वेळेवर व पोटभर पडत असे. काळ फिरला तो आतांच. परंतु मनुष्याची आठवण फार तर ऐंशी-नव्वद वर्षांची. तिच्याहून जुना साक्षीदार आपल्या वाशिम जिल्ह्याच्या शेजारींच आहे, आणि त्याचें म्हणणें निराळें आहे.

रिसोडच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेल्या या खळग्यांत पाणी येतें, पण त्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं. जातें तें वाफ होऊन. म्हणून पाऊस दीर्घकाळ उणा झाला कीं क्षार दाट होतात व गेल्युसाइट नांवाच्या खनिजाचे स्फटिक तळच्या चिखलांत धरतात. भारतीय व जर्मन संशोधकांनीं या तळांतून सुमारें १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून सुमारें ११,००० वर्षांचा इतिहास वाचला. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वींच्या थरांत हे स्फटिक सांपडले. मिसर देशांत योसेफास सात वर्षांच्या दुष्काळाची तरतूद करावी लागली. येथें पहिलाच रुक्ष काळ सात शतकांचा! पानांवरील मेणाचा अंशही गाळांत टिकतो. त्यावरून दिसतें कीं, आरंभींच्या ओल्या काळांत वृक्षझुडपें अधिक होतीं, पुढें गवतें वाढलीं.

वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशिम, चौथ्या-पांचव्या शतकांत नांदली ती या दुसऱ्या रुक्ष काळांत. १९३९ सालीं येथें सांपडलेल्या ताम्रपटांत ग्रामदान कोरलेलें आहे. उण्या पावसांत राज्य कसें चाललें, हा प्रश्न इतिहासाच्या तासास अवश्य विचारावा.

आतां मुद्याची गोष्ट. २०१७ सालीं सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, आणि तळ्यांचा गाळ शेतांत जाऊं लागला. तें योग्यच, शेतकरी पालकांस त्याचें मोल सांगावयास नको. परंतु गांवोगांवचीं जुनीं तळीं उपसतांना त्यांतील नोंदही आपण न वाचतां शेतांत पसरतों, हें मला बरें वाटत नाहीं. गाळ काढण्यापूर्वीं त्याचा एक उभा नमुना राखून ठेवावा. त्यानें कोणाची गाडीभर मातीही कमी होणार नाहीं.

मात्र तळें निवडतांना विवेक हवा. ज्याचा तळ दर उन्हाळ्यांत उघडा पडून भेगाळतो, तेथें परागकण हवेनें कुजतात; बारमाही पाण्याचें तळें उत्तम. वरच्या वर्गांतील मुलांनीं शिक्षकांसह, पाणी ओसरलेल्या कांठीं, नळी सरळ दाबून नमुना घ्यावा. खोल पाण्यांत उतरूं नये. नळीचीं दोन्ही टोकें घट्ट बांधावीं, ती थंड जागीं ओलसर ठेवावी, आणि तीवर गांव, तारीख व वरचें टोक कोणतें हें लिहावें. वरचें टोक लिहावयाचें राहिलें, तर सारा इतिहास उलटा वाचला जाईल.