शनिवारची वाट पाहू नका

लेकाकडे किंवा लेकीकडे लंडनला आलेल्या आईवडिलांचा आठवडा कसा जातो, हे हॅरोपासून हाउन्स्लोपर्यंत कुठल्याही मराठी घरात बघायला मिळतं. मुलं सकाळी कामावर जातात. मग नातवंडांचा डबा, दुपारी फोनवर मराठी मालिका, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एक फेरी. शहर बघायचं ते शनिवारी, मुलांना सवड झाली आणि पाऊस नसला तर. शनिवारी सगळं लंडन रस्त्यावर उतरलेलं असतं. मुलगा आठवडाभराच्या कामाने दमलेला, त्यात चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकला की आईच म्हणते, ‘राहू दे रे, बाहेरूनच बघू.’ असे तीन-चार महिने जातात आणि परतीचं विमान येतं.

माझी विनंती एवढीच आहे, की शनिवारची वाट पाहू नका. मंगळवारी, बुधवारी, तुमचे तुम्ही दोघं बाहेर पडा. मुलांच्या खिशाला भार नको ही तुमची काळजी मला कळते, पण या शहरातल्या सगळ्यात मोलाच्या कितीतरी जागांना तिकीटच नाही. ब्रिटिश म्युझियम 1759 मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हाही प्रवेश फुकट होता, आजही आहे. 2001 च्या डिसेंबरपासून बाकीच्या राष्ट्रीय संग्रहालयांचीही कायमची दालनं सर्वांना मोफत आहेत, इथल्या नागरिकांना तशीच तुम्हाला. आत खास प्रदर्शन भरलेलं असेल तर त्याचं तिकीट वेगळं असतं, ते सोडून द्या. दाराशी दानपेटी असते. वाटलं तर टाका, नाही टाकलं तर कुणी विचारत नाही. काही ठिकाणी मोफत प्रवेशासाठीही आदल्या दिवशी वेळ नोंदवून ठेवलेली बरी. तेवढं मुलांकडून करून घ्या.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर भुयारी रेल्वेपेक्षा लाल बस बरी. 2025 मध्ये तिचं भाडं पावणेदोन पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस बदलली तरी जादा पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. एका कार्डावर दोघांना चढता येत नाही, तेव्हा प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. भारतातलं बँकेचं कार्ड वापरलं तर बँक वर शुल्क लावू शकते, म्हणून मुलांनी इथलंच ऑयस्टर कार्ड भरून दिलेलं चांगलं. ज्येष्ठांचा मोफत पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो, त्याच्या नादी लागू नका. पण मुलं स्लाव किंवा रेडिंगसारख्या लांबच्या गावी राहत असतील तर रेल्वेचं सीनियर रेलकार्ड जरूर काढा. साठीच्या पुढच्या कुणालाही, पाहुण्यालासुद्धा, पासपोर्ट दाखवून ते मिळतं आणि वर्षभर तिकिटात एक तृतीयांश सूट असते. सकाळच्या गर्दीच्या वेळी मात्र ते चालत नाही, म्हणून साडेनऊनंतर निघा.

एकच बस सांगायची तर 24 नंबरची. हॅम्पस्टेड हीथच्या कडेहून निघून ती कॅम्डेन, ब्रिटिश म्युझियमच्या जवळून, ट्रफाल्गर चौक, पार्लमेंट असं करत पिमलिकोला जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. सहलीच्या बसवाले भरपूर पैसे घेऊन जे दाखवतात, त्यातलं बरंचसं या काचेतून दिसतं.

संग्रहालयात गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. गुडघे दुखतात, डोकं शिणतं आणि घरी आल्यावर काही आठवत नाही. एका दिवसाला दोन दालनं पुष्कळ झाली. फुकट असल्यामुळे उद्या पुन्हा येता येतं, हीच तर या जागांची खरी श्रीमंती आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असीरियाच्या राजवाड्यातून आणलेले दगडी पट आहेत, अशुरबानिपाल राजाच्या सिंहाच्या शिकारीचे. राजाकडे फार बघू नका. त्यातली ती सिंहीण शोधा, जिच्या कण्यात बाण रुतलेत. मागचे दोन्ही पाय लुळे पडलेत, ते ती फरफटत ओढते आहे, पण पुढचे पाय अजून ताठ आहेत आणि ती डरकाळी फोडते आहे. कोरणाऱ्याला मजुरी राजाची मिळाली असेल, पण त्याचा जीव सिंहिणीत होता. इ. स. पूर्व सातव्या शतकातलं हे काम आहे. समोरच्या बाकावर दहा मिनिटं बसा.

‘आपलंच लुटून नेलंय, ते काय बघायचं?’ असंही काहीजण म्हणतात. त्या रागात तथ्य आहे. पण अमरावतीच्या स्तूपाची पांढरट शिल्पं इथे काचेआड आहेत, आणि ती बघायला सर्वांत आधी आपण जायला हवं. ते दालन उघडं आहे का, एवढं आधी बघून घ्या.

ट्रफाल्गर चौकात नॅशनल गॅलरी आहे. व्हॅन गॉखच्या सूर्यफुलांसमोर कायम गर्दी असते, ती बघाच. पण व्हॅन आइकचं 1434 चं एका जोडप्याचं चित्रही चुकवू नका. दोघांच्या मधोमध मागच्या भिंतीवर एक छोटा गोल आरसा आहे. त्यात त्या दोघांची पाठ दिसते आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं दिसतात. आरशाच्या वर चित्रकाराने आपण इथे होतो असं लिहून ठेवलंय. शुक्रवारी ही गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते, म्हणजे कामावरून सुटून मुलगीही तुम्हाला येऊन मिळेल.

आणि एक जागा अशी आहे जिथे मराठी माणसाने गेल्यावाचून लंडन सोडू नये. 10 किंग हेन्रीज रोड. या घरात 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे, प्रवेश मोफत. 24 नंबरच्या बसने कॅम्डेनच्या पुढे चॉक फार्मजवळ उतरून थोडं चालावं लागतं. शांत रस्ता, एकासारखी एक घरं, भिंतीवर निळी पाटी. त्या काळात पैशाची जीवघेणी ओढाताण सोसत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी. एस्सी.चं आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचं शिक्षण घेत होते, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत होते. म्युझियमच्या मधल्या मोठ्या चौकातली ती गोल इमारत अजून तिथेच आहे. आधी हे घर बघा आणि मग 24 नंबरने म्युझियमला जा. जाण्यापूर्वी घराच्या उघडण्याच्या वेळा मात्र तपासा.

घर बघून झालं की शेजारीच प्रिमरोझ हिल आहे. चढ सोपा आहे, वरून सगळं शहर पसरलेलं दिसतं. डबा इथेच सोडा. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, एखादं केळं. इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, तेव्हा बाटली घरून भरून घ्या, विकत घेऊ नका. सेंट जेम्स आणि हाइड पार्कमधल्या पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्यांचे पैसे पडतात, लाकडी बाकांना काही नाही.

पार्लमेंटचं अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक सज्जात बसून वादविवाद ऐकता येतो, तोही फुकट. रांग लागते, तपासणी होते, पण परदेशी पाहुण्यांनाही आत घेतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 मध्ये निवडून येऊन याच सभागृहाचे सदस्य झाले होते. त्यांच्या वेळचं दालन 1941 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आजचं 1950 चं आहे.

सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी ही चर्चं बघायला भरमसाट तिकीट आहे. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला जो येईल त्याला पैसे न घेता आत सोडतात. पाचच्या सुमारास गायकवृंद गातो, उंच छताखाली तो सूर बराच वेळ रेंगाळतो. आरतीला आपण जसे हात जोडून उभे राहतो, तसं तिथे शांत बसायचं, फोटो काढायचे नाहीत.

ग्रिनिचला वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखावृत्तावर पाय ठेवून फोटो काढायला तिकीट लागतं. तीच रेषा भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही आखलेली आहे, तिथे कुणी पैसे मागत नाही. थेम्सखालून पायी जायचं 1902 चं भुयारही मोफत आहे. लिफ्ट बंद असली तर शंभरेक पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

वेस्टमिन्स्टर पुलावर वाट्यांखाली गोटी लपवून पैजा लावणारे दिसतील. भोवती जिंकणारे लोक त्यांचेच असतात, थांबू नका. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइल बघू नका, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. नकाशा बघायचा असेल तर दुकानात शिरा.

आता दोन शब्द मुलांना. आईबाबांना घेऊन सगळीकडे गेलंच पाहिजे असं समजू नका. एका रविवारी त्यांच्याबरोबर घरापासून म्युझियमपर्यंतची बस करा, चढायचं कुठे, उतरायचं कुठे, परतीचा थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला, एवढं दाखवा. दोघांचे फोन इथल्या सिमवर चालू करून द्या, घरचा पत्ता कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. पुढच्या वेळी त्यांना एकटं जाऊ द्या आणि दर अर्ध्या तासाने फोन करू नका. हिवाळ्यात चारच्या सुमारासच अंधार पडतो, तेव्हा सकाळी जरा लवकर निघायला सांगा.