पुस्तकाचं वय विचारू नका

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत एक निवृत्त गृहस्थ आहेत. प्रत्येक गोष्टीचं योग्य वय त्यांना ठाऊक असतं. साठीनंतर रात्री भात खाऊ नये, पासष्टीनंतर स्कूटर चालवू नये, सत्तरीनंतर कोणाला सल्ला देऊ नये. (हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःपुरता शिथिल केलेला आहे.) गेल्या महिन्यात बागेतल्या बाकावर बोलता बोलता मी म्हणून गेलो, की सध्या 'कोसला' पुन्हा वाचतोय. गृहस्थ थांबले. मफलर सोडला, परत गुंडाळला आणि दातदुखीवर लवंग सुचवावी अशा सुरात म्हणाले, "अहो, ती विशीत वाचायची! आता या वयात काय कोसला? ज्ञानेश्वरी घ्या."

ज्ञानेश्वरी सांगणाऱ्याचं वय काय होतं, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. पण मला योग्य उत्तर नेहमी घरी आल्यावर, अंगावर पहिला तांब्या पडला की सुचतं. म्हणून ते इथे लिहितो.

हे गृहस्थ एकटे असते तर गोष्ट वेगळी. पण निम्म्या महाराष्ट्राने भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी तारुण्यपीटिका, पहिली सिगरेट आणि वाढवलेली दाढी यांच्या खात्यात टाकून खातं बंद केलेलं आहे. "आमच्यावर एके काळी फार परिणाम होता हो तिचा!" असं म्हणताना लोकांचा चेहरा कांजिण्या येऊन गेल्यासारखा असतो. एकदा आल्या, आता भीती नाही.

यात दोष आमच्या पिढीचा आहे, हे आधी कबूल करतो. कादंबरी १९६३ सालची. माझ्या हाती ती १९७९ साली पडली, पुण्याच्या होस्टेलवर. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो, नको त्या उठाठेवी करतो, बापाचा पैसा घालवतो आणि शिक्षणाची वाट लावून घरी परततो. मी खानदेशातला नव्हतो, सेक्रेटरी व्हायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि घालवण्याइतका पैसा आमच्या घरात नव्हता. पण शिक्षणाची वाट लावणं माझ्या आवाक्यातलं होतं. आठ दिवसांत आमचा अख्खा मजला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' बोलू लागला. मेसमध्ये उदाहरणार्थ वांग्याची भाजी वगैरे असायची. ज्यांना दाढी फुटली होती त्यांनी ती वाढवली. एकाला फुटत नव्हती, त्याने नुसत्या वगैरेवर भागवलं.

त्या भरात मी घरी पत्र लिहिलं, की उदाहरणार्थ पुस्तकं वगैरेंसाठी पैसे पाठवावेत. माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर होते. पोस्टमास्तर असून त्यांनी जन्मात कधी इनलँड लेटरवर पैसा खर्च केला नाही. सगळा कारभार पोस्टकार्डावर, त्यामुळे माझी अब्रू माझ्यापर्यंत पोचायच्या आधी रेक्टरपासून गुरख्यापर्यंत सर्वांच्या वाचनात आलेली असे. उत्तर आलं : 'उदाहरणार्थ म्हणजे नक्की किती, ते कळवावे. वगैरेचे पैसे मिळणार नाहीत.'

मराठी समीक्षेत कोसलावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

तर मुद्दा असा, की आम्ही त्या पुस्तकातली बोलण्याची लकब उचलली आणि पुस्तक तिथेच ठेवलं. आज "ती विशीत वाचायची" म्हणतात ते याच लकबीबद्दल बोलत असतात. लकब विशीचीच होती, त्यात वाद नाही. पण त्या कादंबरीत एक बाप आहे. घरून पैसा येतोय आणि पोरगा तो उधळतोय, हे विसाव्या वर्षी मला भारी विनोदी वाटलं होतं. पुढे माझा मुलगा इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला आणि पहिल्याच वर्षी दोन विषय घेऊन बसला. मी त्याला फोनवर जे बोललो ते ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगदी अण्णा बोलले!" त्या रात्री कोसला काढून वाचली, तर विनोद जागच्या जागी होते, पण हसणारा मी पलीकडच्या बाजूला जाऊन उभा होतो. शब्द एक बदललेला नाही, आणि पुस्तक दुसरंच! लेखकाने पंचविशीत लिहिलेल्या पुस्तकात माझी पन्नाशी कुठून आली, हे गृहस्थांनी मला समजावून सांगावं.

आणि मनी आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण. देवी येऊन ती जाते. विशीत मी तो भाग भराभर उलटला होता, कारण मला पुढच्या मस्करीकडे जायचं होतं. कोसला ही टवाळ पोरांची कादंबरी आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो : मनीचं प्रकरण आठवतं का? तो विषय बदलतो. पुष्कळदा क्रिकेटवर.

आता कोणी म्हणेल, हा नेमाड्यांचा भक्त दिसतो. भक्तांनी ऐकलं तर मारतील मला. चांगदेव पाटलाची चार पुस्तकं मी वाचली, बँकेतली नोकरी सांभाळून वाचली. 'बिढार' मला प्रिय आहे. मुंबईतली ती बिऱ्हाडं आणि लेखक व्हायला निघालेली ती मंडळी विसरता येत नाहीत. 'झूल'मधली कॉलेजातली प्राध्यापकी राजकारणं वाचताना मात्र मला सारखी आमची झोनल ऑफिसची मीटिंग आठवे आणि झोप येई. दोष बहुधा झोनल ऑफिसचा असावा. आमच्या हिचं म्हणणं याहून सरळ : "यांच्या पुस्तकात बाईला नीट बसायला जागा नाही." मला यावर उत्तर सापडलेलं नाही, आणि मी शोधतही नाही, कारण उत्तर सापडलं तर ते घरात बोलावं लागेल.

शिवाय नेमाड्यांनी कथा हा प्रकारच हलका ठरवला, तेव्हा मी फार दुखावलो. माझ्या कपाटात त्यांच्या शेजारी जी. ए. कुलकर्णी होते. रात्री काही होऊ नये म्हणून मी जी. एं.ना वरच्या फळीवर हलवलं. तिथे ते आजही आहेत. हे मी एका साहित्यिक बैठकीत गमतीने सांगितलं, तर एक तरुण भक्त लाल होऊन म्हणाले, "तुम्हाला देशीवाद कळलेला नाही." नसेल कळला. पण चाळीस वर्षं ज्याची पुस्तकं विकत घेऊन वाचली, त्याच्याशी भांडायचा मला काही हक्क आहे की नाही? ज्या घरी जेवतो त्याच घरी आमटीत मीठ कमी आहे असं म्हणता येतं. न जेवणारा काय सांगणार?

'झूल' १९७९ची, आणि 'हिंदू' आली २०१०मध्ये. मध्ये एकतीस वर्षं. तेवढ्यात माझं लग्न, मुलं, बढती, रक्तदाब हे सगळं उरकलं. हिंदू आली तेव्हा पहिल्या आठवड्यात घेतली. सहाशेच्या घरातली पानं. उताणं पडून वाचायची सवय असलेल्या माणसाने ती जपून वाचावी, छातीवर पडली तर लेखकाला नाही, हाडवैद्याला गाठावं लागेल. सारखी नवी माणसं, नव्या जाती, नव्या गोष्टी. दोनशे पानांनंतर मी वहीत नावं मांडून ठेवली. दीडशे पानं कमी चालली असती असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. पण मोहेंजोदडोला उत्खनन करणारा खंडेराव वडिलांच्या शेवटासाठी गावी परत निघतो, तिथे मी पुस्तक मिटून जरा गच्चीवर जाऊन आलो. पंचविशीत ज्याने घरी परतणारा पोर लिहिला, त्यानेच बहात्तराव्या वर्षी तोच रस्ता पुन्हा घेतला. लेखकाने स्वतः त्या घराला वयाची अट घातलेली नाही, मग आपण बाकावर बसून कोण घालणार?

अण्णांचं सांगायचं राहिलं. १९८०च्या उन्हाळ्यात मी नापास होऊन घरी गेलो, तेव्हा ट्रंकेत कोसला होती. अण्णांनी ती काढून दोन रात्रीत वाचली. सकाळी पुस्तक परत देताना म्हणाले, "पोरगा वाईट नाही. बापही वाईट नाही. मेस मात्र आधीच बंद करायला हवी होती." एवढंच. मार्कांचा विषय निघाला नाही, आणि जूनमध्ये फी भरली गेली.

ती प्रत परवा या वादापायी पुन्हा काढली. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोन रकाने आखलेले निघाले. अक्षर पोस्टातलं, शिसं पुसट. एकात 'घरून आलेले', दुसऱ्यात 'उडवलेले'. समोर पान क्रमांक. अण्णा सांगवीकराचा हिशेब ठेवत होते! मी हसत हसत एकेक पान पडताळत गेलो. पानोपानी समासात बारीक टिंब. मनीच्या आजारपणापाशी टिंबं थांबली. तिथून शेवटपर्यंत एकही नाही. बेरीज केलेली नाही.

अण्णांना एक धाकटी बहीण होती आणि ती देवीने गेली, एवढं आम्हा मुलांना आजीकडून माहीत होतं. नाव माहीत नाही. घरात फोटो नव्हता, अण्णा कधी बोलले नाहीत, आणि आता अण्णाही नाहीत.

त्या उन्हाळ्यात त्यांचं वय बावन्न होतं. उद्या ती प्रत मी पिशवीत घालून बागेत नेणार आहे. गृहस्थांना वाचायला देणार नाही, माझी दिलेली पुस्तकं परत येत नाहीत. मफलर सोडून गुंडाळेपर्यंत तेवढं मागचं पान दाखवीन.