पदवी मिळते, पण कॉलेज?

तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी २०२३ मध्ये राज्यातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. असे आकडे दाखवून ‘तीन वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा एखादं काम शिका’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आज कमावलं तरच ज्याच्या घरी चूल पेटते, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो आणि रोजगारात मोजला जातो. शिकलेला मुलगा बऱ्या कामाची वाट पाहत थांबतो, घरचे कसेबसे त्याचं भागवतात. तरीही पदवीचा भाव उतरला आहे, हे मान्य करायलाच हवं. पण त्यासाठी शिक्षणाला दोष देण्याआधी या मुलांना शिकवलं किती गेलं, हे पाहायला नको का?

तालुक्याच्या गावातल्या कला किंवा वाणिज्य शाखेच्या कॉलेजात आज शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. नेट-सेट झालेली, अनेकदा पीएच.डी. केलेली ही माणसं. त्यांना तासागणिक मानधन मिळतं, सुट्टीत काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. पोटासाठी दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायचा असेल, तर मुलांचं लेखन तपासायला, अडलेल्याला थांबून समजवायला वेळ आणायचा कुठून? मग मुलंही वर्गात फिरकत नाहीत. गाइड वाचून परीक्षा देतात आणि पास होतात. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, विचारायला शिकलेली माणसं आहेत, त्यांचं यात फारसं बिघडत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीचं मात्र सगळंच बुडतं.

तिला आयटीआयला का पाठवू नये, असं विचारलं जातं. आवड असेल तर जरूर जावं. वेल्डिंग किंवा वायरिंग ही कमी प्रतीची विद्या नाही. पण यंत्रं बदलतात, आजचं कसब दहा वर्षांनी पुरत नाही, आणि तेव्हा नवं वाचून समजून घेण्याची, करारातली मेख ओळखण्याची, आपली बाजू मांडण्याची ताकद लागते. शिवाय काम आणि पदवी यांतलं एकच निवडावं, ही अटच मुळात चुकीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळी भरे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेलं छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभं राहिलं. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचा विचार करून त्यांनी कॉलेजची घडी बसवली, आणि तरी अभ्यास पूर्ण करून घेतला. नव्या शैक्षणिक धोरणातली इंटर्नशिप त्याच दिशेची आहे, पण ती कुणाच्या देखरेखीखाली होणार? त्यासाठीही वर्षभर जागेवर असणारा प्राध्यापकच हवा.

यावर सरकारी तिजोरीत पैसा नाही, असं उत्तर येईल. अडचण खरी आहे. पण ज्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी आहे, त्यातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून राज्याने माफ केलं. ठरवलं की तरतूद होते, हे त्यातून दिसलं. फी माफ झाल्याने मुलगी कॉलेजपर्यंत येते, पण वर्गात तिला शिकवणारं कुणी असण्याची हमी त्या निर्णयात नाही. पूर्णवेळ जागा एकदम भरता येत नसतील, तर टप्पे आणि तारखा जाहीर कराव्यात, आणि तोवर तासिकेवरच्यांना निदान बारा महिन्यांची नेमणूक द्यावी. प्रवेशाच्या माहितीपत्रकात प्रत्येक विषयाच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे छापणं येत्या जूनपासून सक्तीचं करायला तर फारसा खर्चही लागणार नाही.