माणसं केबिनमध्ये, माल हौद्यात

आपल्या भागात गाडी घ्यायची म्हटली की घरात एकमत होणं कठीण. मुलाला उंच, रुबाबदार एसयूव्ही हवी असते. वडिलांना खताची पोती, उसाचं बेणं आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडी हवी असते. घरातल्या बाईला काय हवं, हे बहुधा गाडी दारात उभी राहून तिला हळद-कुंकू लावायची वेळ आली की विचारलं जातं! या भांडणावर तोडगा म्हणून हल्ली एका गाडीचं नाव निघतं, ती म्हणजे दुहेरी केबिनची पिकअप. पुढे चार दारं आणि पाच माणसांची बैठक, मागे उघडा हौदा. सोमवारी बाजार समितीत, रविवारी सोयऱ्यांच्या लग्नात. नवी परवडत नाही, म्हणून लोक जुनीच्या शोधात निघतात.

ही कल्पना काही आजची नव्हे. टाटांची टाटामोबाइल पिकअप १९८८ साली आली आणि त्याच घराण्यातून १९९१ साली सिएरा ही गाडी निघाली. महिंद्रने २००७ साली स्कॉर्पिओला हौदा लावून गेटअवे काढली, तर बोलेरो कॅम्पर खेडोपाडी दिसतेच. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली. ती हायलक्स तर आपल्या कर्नाटकातच, बिडदीला तयार होते. थोडक्यात काय, जुन्या बाजारात निवडीला वाव आहे. पण मंडळी, अशी गाडी जुनी घेताना नेमकं काय बघायचं, हे मला शोरूममध्ये नाही, तापीकाठच्या राजघाटावर कळलं.

माझी अक्का निपाणीहून बुऱ्हाणपूरला दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. २००३ साली खंडवा जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. पण रावेर ओलांडलं की लगेच ते गाव, त्यामुळे घराघरांत मराठी. आपल्याकडे मराठी-कन्नड, तिकडे मराठी-हिंदी, एवढाच काय तो फरक. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठायचं आणि तिथून पुढे केळीच्या बागांमधून जायचं. अक्काच्या सासरीही केळीच. केळीचे घड वाहायला आणि घरच्या माणसांना फिरायला मिळून एकच गाडी घ्यावी, असं भाच्याने ठरवलं होतं. मी नेमकी तेव्हाच तिथे पोचले होते. “मावशी, तूही चल,” म्हणाला. मला गाडीतलं काय कळतंय? पण वही घेऊन निघाले.

गाडी राजघाटाच्या उतारावर उभी होती. खाली तापी, वर शाही किल्ल्याच्या भिंती. बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचा दक्षिणेचा दरवाजा. इथून किती फौजा आणि किती तांडे गेले असतील! पण त्या लोकांनीही अंबारी हत्तीवर ठेवली आणि ओझं उंट-बैलांवर घातलं. एकाच जनावराकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हव्यास आपला.

भाच्याने मिस्त्रीला सोबत आणलं होतं. त्याने आधी रंगाकडे पाहिलंच नाही, सरळ गाडीखाली शिरला. पिकअपचा जीव चासीत असतो. चासीवर नवं वेल्डिंग आहे का, कुठे वाक आहे का, हे त्याने बॅटरी लावून बघितलं. मग मागचे पाटे मोजले. मूळ पाट्यांत जादा पाटा घातलेला दिसला, तर ओळखावं की गाडीने ताकदीबाहेर माल ओढलाय. हौद्यात केळीच्या चिकाचे काळे डाग होते. त्यांचं काही वाटून घेऊ नका, म्हणाला. पण कडेच्या सांध्यांत गंज किती खोल गेलाय, ते स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. नदीकाठची गाडी, म्हणून पायाखालची मॅटही उचलून बघितली. मॅटखाली वाळलेला गाळ सापडला, तर ती गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली असू शकते.

इंजिन गार असतानाच सुरू करायला लावलं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर त्या दिवशी गाडी बघूच नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही आणि पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. मग चढावर हँडब्रेक लावून गाडी जागेवर थांबते का, ते बघितलं. उतारावरची गाडी बघायला बोलावलं, हे एका अर्थी बरंच झालं.

रिकामी गाडी घेऊन फेरी मारली तेव्हा मागे बसलेली अक्का खड्ड्यागणिक उडत होती. मिस्त्री हसला. मालासाठी बनवलेले पाटे रिकामे असताना कडक लागतात, वजन आलं की नरम चालतात. शिवाय रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं. पावसात जोरात ब्रेक मारला तर शेपूट घसरू शकते. म्हणजे दिसायला एसयूव्ही असली, तरी ती तशी चालवायची नाही. घरात नव्याने चालवायला शिकलेलं पोर असेल, तर हे आधी त्याच्या कानावर घाला.

गाडी तशी ठणठणीत निघाली. भाच्याचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “स्वल्प तडी, मोदल कागद नोडोणू.” विकणाऱ्याला एक अक्षर कळलं नाही. मला मात्र माहेरची भाषा कुठे कशी कामाला येईल, याची गंमत वाटली.

आणि खरी गोष्ट कागदांतच निघाली. गाडीची पाटी एमएच १९, म्हणजे जळगावची. आरसी बुकावर नाव पहिल्या मालकाचं. त्याने ती दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने आमच्यासमोर उभ्या असलेल्या तिसऱ्याला. दोन व्यवहार झाले, नाव मात्र जागचं हललं नव्हतं. नुसते सह्या केलेले कोरे फॉर्म हातोहात फिरत होते. “सब चलता है, ताई,” विकणारा म्हणाला.

आपल्याकडेही हेच चालतं ना? निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर एमएच ०९ किती आणि केए २३ किती, ते एकदा मोजा. त्यातल्या किती गाड्यांवर खऱ्या मालकाचं नाव आहे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी चार हातांतून फिरली होती आणि अपघात झाला. नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे गाडी विकून निर्धास्त झोपलेल्या माणसाच्या दारात नोटीस येणार. आणि घेणाऱ्याची स्थिती तरी काय? पैसे गेलेले, गाडी दारात, पण ती आपली म्हणायला कागद नाही.

म्हणून वहीत लिहून घेतलं ते असं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, त्यासाठी फॉर्म २८. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि रस्ता करही आलाच. तो किती पडेल, हे भाव ठरवण्याआधीच विचारून घ्यावं. नाहीतर स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडते. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा. आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडून बघायचा.

पुढचा प्रश्न पाटीच्या रंगाचा. ही गाडी पिवळ्या पाटीची, मालवाहू म्हणून पास झालेली. केबिन एसयूव्हीसारखी असली तरी कागदावर ती मालगाडीच. अशा गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस आणि त्यानंतर दरवर्षी. ही नऊ वर्षांची, म्हणजे दरवर्षीचा खर्च धरायला हवा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीच्या परमिटमधून सूट आहे. लायसन्सबद्दलही भाच्याला शंका होती. पण ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. “पांढरी पाटी करून देतो,” असं विकणारा सांगत होता. असल्या तोंडी वचनावर पैसे देऊ नयेत. ते आरटीओच्या हातात असतं, विकणाऱ्याच्या नव्हे. उलट पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन भाड्याने लोकांचा माल वाहिला, तर तेही नियमाबाहेरच.

एवढं होईतो अक्काच्या सासूबाई घरून येऊन पोचल्या होत्या. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि हौद्याकडे बोट दाखवून विचारलं, “इथं किती माणसं बसतील?”

“पंधरा तर आरामात!” विकणारा खुशीत म्हणाला. इच्छापूरच्या देवीला एकाच फेरीत सगळं घर, असा सासूबाईंचा हिशोब होता. भाचाही मान डोलावत होता.

अक्का एकदम गप्प झाली. मग सावकाश म्हणाली, “आणि त्या पंधरांत कोण असणार? पुढे गडीमाणसं बसतील. हौद्यात मी, जावा आणि पोरं.”

कुणी काही बोललं नाही. कारण ते खरं होतं. आपल्या यात्रा-जत्रांचे रस्ते आठवा. सौंदत्तीला, जोतिबाला जाणाऱ्या गाड्यांत हौद्यात कोण असतं? लुगड्याचा पदर दातात धरलेल्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं. बसायला सीट नाही, धरायला दांडा नाही. आणि विपरीत घडलंच तर? मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल, तर त्याला कायद्याने संरक्षण आहे. पण देवीला निघालेली सासू आणि सुना हा काही माल नव्हे. म्हणजे जीव जायचा तो जाणारच, आणि वर घरही बुडणार.

मग त्याच दिवशी संध्याकाळी अक्काने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मागचा एक महिना समोर घेतला. माल किती दिवस न्यावा लागला? सतरा. दोनपेक्षा जास्त माणसांना एकत्र जावं लागलं असे दिवस? अकरा. आणि पाचांहून जास्त? दोनच. हिशोब झाला! दोन सीटची, लांब हौद्याची गाडी घेतली असती तर अकरा दिवस अडचण झाली असती. दुहेरी केबिन घेतली तर हौदा आखूड, केळी थोडी कमी मावणार, तेवढी एक फेरी वाढेल. आणि राहिले ते दोन दिवस. त्यासाठी भाड्याची मोठी गाडी सांगायची. आपली म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. कन्नडात हेच म्हणतात, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. गाडीच्या बाबतीत अंथरूण म्हणजे आरसीवर लिहिलेला सीटांचा आकडा.

विकणाऱ्याला निरोप गेला, पहिल्या मालकाला घेऊन या, नावं नीट करू, ना-हरकत आलं की पैसे. “इतनी कटकट कौन करता है?” म्हणून तो आधी रागावला. पण गिऱ्हाईक रोख देणारं होतं आणि नऊ वर्षांच्या गाडीला रोज गिऱ्हाईक येत नाही. महिना गेला, पण कागद आले. जादा पाट्याचं आणि गंजाचं दाखवून भावही उतरला. किती, ते सांगत नाही. अक्का हे साप्ताहिक वाचते.

परवा फोनवर तिने सांगितलं, सासूबाई देवीला जाऊन आल्या. पुढच्या सीटवर, भाच्याच्या शेजारी बसून. बाकीचे मागून भाड्याच्या गाडीने गेले. हौद्यात नारळाचं पोतं, स्वयंपाकाची भांडी आणि पाण्याचे कॅन होते.

वाचकहो, दिवाळी-पाडव्याला तुमच्याही घरी गाडीचा विषय निघेल. बघायला जाताना मिस्त्री न्याच. पण घरातल्या बायकांनाही न्या, आणि भाव बोलायच्या आधी एक प्रश्न मोठ्याने विचारा, आमच्यातलं कोण कुठे बसणार? सगळ्यांना सीट मिळत असेल तर पुढचं बोलणं करा.