खडे आधी वेचायचे असतात

आमच्या उधन्यात आता मराठी घरांतल्या पुष्कळ मुली कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागल्यात. स्थळ पाहताना विचारणा होते, "मुलगी काय करते?" "सॉफ्टवेअर टेस्टिंग." "अच्छा, म्हणजे प्रोग्रॅम नाही लिहीत!" झालं, पोरीची किंमत तिथल्या तिथे उतरली. आणि असं बोलणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो.

कंपन्यांचीही तीच समजूत. काय बनवायचं ते साहेब लोक ठरवणार, दुसरे बनवणार आणि शेवटच्या आठवड्यात टेस्टरच्या पुढ्यात टाकणार: "बघून घे गं, परवा द्यायचंय." ही रीत चुकीची आहे. टेस्टरला पहिल्या बैठकीत बसवलं पाहिजे. कारण "असं झालं तर?" हे विचारणं हाच तिचा धंदा आहे, आणि हा प्रश्न कागदावर असताना विचारला तर फुकटात सुटतो.

आपण पाणी गाळतो ते पिण्याआधी. तांदूळ निवडतो ते शिजवण्याआधी. लूमवर ताण्यातच धागा चुकला, तर मिलमध्ये कितीही रंग चढवा, दोष झाकत नाही. एवढं ज्यांना कळतं त्यांना सॉफ्टवेअरचं का कळू नये?

महाराष्ट्रातल्या लाडकी बहीण योजनेचंच बघा. जळगाव-धुळ्याकडे आपल्या सगळ्यांच्याच बहिणी-भावजया आहेत. २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा आधार नंबर टाका, ओटीपी टाका. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. आणि नवरा वारलेला, वडीलही गेलेले असतील तर? घटस्फोट झालेला असेल तर? ज्या विधवेला दीड हजाराची सगळ्यात जास्त गरज, तीच अडकली. ओरड झाली, मग मुदत वाढवली, मृत्यूचा दाखला, घटस्फोटाची कागदपत्रं घेण्याची सोय केली. हा खडा शोधायला मोठी विद्या लागत नव्हती. ठरवण्याच्या टेबलाशी कोणीतरी फक्त एवढं विचारायला हवं होतं, "आणि तिला कोणीच नसेल तर?"

त्याआधी २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं. इंग्रजी ॲप, हातात कमी क्षमतेचे फोन, आणि माहिती भरायची अंगणवाडी सेविकांनी. महाराष्ट्रात सेविकांनी हजारोंनी ते फोन सरकारला परत केले. लोकांना वाटलं बायांना मोबाइल जमत नाही. अहो, न जमणारं ॲप होतं! ती खरी तपासणीच होती, फक्त ती आंदोलन करून करावी लागली.

हे गरीब देशातच होतं असंही नाही. अमेरिकेत २०१३च्या १ ऑक्टोबरला सरकारी आरोग्य विम्याची वेबसाइट उघडली आणि कोलमडली. सगळे भाग जोडून पूर्ण तपासणी झाली होती ती जेमतेम दोन आठवडे आधी.

कोणी म्हणेल, टेस्टरला आधी बसवलं तर ती प्रत्येक गोष्टीत खोट काढेल, काम अडेल. अडू द्या की! बैठकीत तासभर अडेल. नंतर जे अडतं ते महिनोन्‌महिने, आणि त्याचा हेलपाटा टेबलाशी बसलेल्यांना पडत नाही, तहसीलच्या रांगेतल्या बाईला पडतो. मात्र नुसतं खुर्चीवर बसवून उपयोग नाही. तिचा प्रश्न लिहून घ्या, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

हे आपल्या समाजातल्या व्यापाऱ्यांनाही सांगणं आहे. बिलाचं, स्टॉकचं सॉफ्टवेअर करून घेताना शेठ आणि कंपनीचा माणूस चहावर सगळं ठरवून टाकतात. दिवसभर बिलं बनवणाऱ्या मुलीला ते दिसतं शेवटच्या दिवशी. अर्धाच माल परत आला तर नोंद कुठे करायची, हे तिला ठाऊक असतं, शेठना नाही. पुढच्या वेळी चहा मागवाल तेव्हा एक कप तिच्यासाठीही मागवा, आणि आधी तिला बोलू द्या.