नांगराला की गाडीला?

दिवाळीच्या फराळावर आमच्याकडे गाडी घ्यायचा विषय निघाला आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी तो संपला नाही. "मग, ठरलं का?" असं ज्यांनी ज्यांनी फोनवर विचारलं, त्या प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं असं परवा लक्षात आलं. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींनी वाचून घ्यावं आणि पुन्हा विचारू नये ही नम्र विनंती.

गाडी म्हणजे पिकअप. अंबरनाथला पूर्वेला राहणाऱ्या, उभं आयुष्य लोकलच्या दारात लटकून काढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर पिकअप कशाला हवी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर गावाला आहे. आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. भाताची जमीन आहे. दादा ती करतो, मी फक्त तांदूळ आणतो. (वहिनी हे वाक्य वाचून "खरं बोलला एकदाचा" म्हणेल.)

गेल्या भाद्रपदात, गणपती उठले त्याच आठवड्यात, रानडुकरांचा कळप आमच्या खालच्या तुकड्यात शिरला. भात नुकतं निसवलं होतं. दादा रात्री बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन हाकलायला गेला आणि बांधावरून घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. अँब्युलन्स आली, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. पुढे वहाळ आहे. एरवी त्यातून बाईक जाते, त्या रात्री पाणी कमरेला होतं आणि अलीकडे-पलीकडे नुसता चिखल. शेजाऱ्याने ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, ट्रॉलीत पेंढा टाकला, त्यावर दादाला झोपवलं आणि रस्त्यावर आणलं. एरवीच्या दहा मिनिटांच्या वाटेला तासाच्या वर लागला. प्रत्येक खड्ड्याला दादा ओरडत होता, असं पुतण्या सांगतो. मी तिथे नव्हतो. मी इथे पंखा लावून झोपलो होतो.

तेव्हा गाडी घ्यायची हे त्याच आठवड्यात ठरलं. वाद झाला तो कुठली यावर.

वादातला एक पक्ष माझा भाचा. टेक्सासला असतो, दिवाळीला आला होता. त्याच्याकडे फोर्डची एफ-१५० आहे, जिच्या फोटोत तो स्वतः शोधावा लागतो. तिला तो ट्रेलर जोडतो, ट्रेलरवर चार चाकांची रानात चालवायची बग्गी, आणि मित्रांबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जातो. तिकडेही या प्राण्याचा उच्छाद एवढा आहे, की २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायचं तर शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. "मामा, तुझा प्रॉब्लेम आणि माझा प्रॉब्लेम सेम आहे," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त ओढणारी, फोर बाय फोर गाडी घे. बाकी काही बघू नकोस."

ऐकायला छान वाटलं हे कबूल करतो. भानू शिरधनकरांच्या शिकारकथा वाचत वाढलेली आमची पिढी. उघडी जीप, मागे टेकून ठेवलेली बंदूक, हाकेवाले, पहाटेचं धुकं. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं शिकारीच्या गोष्टीत ती जीप आलीच. आमच्या आजोबांकडे मात्र जीप नव्हती. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की चालत जाऊन आणायची. माझ्या आठवणीत ती शिकारीपेक्षा या फेऱ्यांनाच जास्त वापरली गेली. आजोबा गेल्यावर बाबांनी ती कायमची जमा करून टाकली.

शिकारीचा मुद्दा आपल्याकडे तिथेच संपतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवाने बंदच झाले. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी कायद्यात वाट आहे, पण ती वनखात्याच्या लेखी परवानगीतून जाते. नुकसान झालं तर अर्ज, पंचनामा, भरपाई. आम्ही अर्ज केला आहे. हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे डुक्कर तुमचं खाणार आणि तुम्ही फॉर्म भरणार?" हो, साधारण तसंच. पण मला खरं सांगा, दादाचं हाड मोडलं ते बंदूक नव्हती म्हणून का? अंधारात, पावसात, साठीच्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक असती तर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

मी दोन शनिवार शोरूम पालथी घातली. इसुझूची व्ही-क्रॉस चालवून पाहिली. २०१६ साली ती इकडे आली तेव्हापासून कल्याण-बदलापूर रोडला एखादी दिसली की मी मान वळवून बघत असे, हे घरच्यांना ठाऊक आहे. गाडी देखणी आहे यात वादच नाही. उंच बसतो आपण, १६३ पीएसचं डिझेल इंजिन. एक बटण फिरवलं की चारही चाकांना जोर, आणखी फिरवलं की लो रेंज, म्हणजे वेग मरतो आणि त्याच्या बदल्यात ओढ वाढते. टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली तेव्हा तिची किंमत चौतीस लाखांना टेकलेली होती. तिला सातशे मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते. मी घरी येऊन टेपने मोजलं. माझ्या मांडीपर्यंत येतं. त्या रात्री वहाळाला पाणी कमरेला होतं. म्हणजे चौतीस लाखांची गाडीसुद्धा अलीकडेच उभी राहिली असती. (आणि राहायलाच हवी. २६ जुलै २००५ ला बदलापूर बुडताना बघितलेल्या आणि २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर माणसं काढावी लागली हे वाचलेल्या माणसाने वाहत्या पाण्यात गाडी घालायची भाषा करू नये.)

टेप हातात होताच, म्हणून सोसायटीतली माझी पार्किंगची जागाही मोजली. व्ही-क्रॉस पाच मीटर तीस सेंटिमीटरच्या जवळपास आहे. पुढचं नाक खांबाला टेकवलं तरी मागचा हौदा जोशीकाकूंच्या तुळशीपर्यंत जातो. सेक्रेटरींना अजून विचारलेलं नाही, विचारायची हिंमतही नाही.

आता ओढण्याचं. भाच्याचा सगळा जोर यावरच. परदेशात हीच डी-मॅक्स ब्रेक असलेला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे. पण आपल्याकडे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. नुसता हूक वेल्डिंग करून घेतला आणि मागे काहीतरी जोडलं, असं रस्त्यावर चालत नाही. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायची मुभा आहे, ती वेगळी. मग मी दादाला फोन करून विचारलं, वर्षभरात आपल्याला ओढून न्यायचं असतं ते काय? त्याने बराच विचार केला. मळणीयंत्र, दोन दिवस. पॉवर टिलर, नांगरणीला एकदा. "आणि ते ट्रॅक्टरवाला नेतो की. तासाचे पैसे घेतो." म्हणजे वर्षातल्या तीन दिवसांसाठी मी वीस लाखांच्या कितीतरी वर जायला निघालो होतो.

इथे मला बाबांची आठवण झाली. पौषात म्हशाची जत्रा भरते. आता लोक घोंगड्या आणि मिठाईसाठी जातात, पण ती मुळात बैलांच्या बाजाराची. लहानपणी मी बाबांबरोबर जायचो. ते बैलाचे दात बघायचे, खांद्यावर हात फिरवायचे, चार पावलं चालवून बघायचे. दलाल हातरुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. पण बाबांबरोबर जो जाणता माणूस असायचा, तो सगळ्यात आधी एकच विचारायचा, "नांगराला की गाडीला?" भातखाचराच्या चिखलात चालणारा हलका बैल वेगळा, रस्त्याने ओझं ओढणारा थोराड वेगळा. थोराड बैल चिखलात घातला की पोटापर्यंत रुततो.

गाडीचंही तेच आहे. दोन टनांच्या आसपासची गाडी रुंद डांबरी टायरवर भाताच्या चिखलात घातली, की चारही चाकांना जोर असल्यामुळे ती चारही चाकांनी रुतते. मग काढायला ट्रॅक्टरच येतो. तो आला तर एक ध्यानात ठेवा, मला आमच्या जुन्या मेकॅनिकने दम देऊन सांगितलंय: पट्टा चेसिसच्या हुकालाच बांधायचा, बंपरला नाही, आणि ओढताना जवळ कुणी उभं राहायचं नाही. साखळी तुटली तर ती गोफणीसारखी येते.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. माझ्या पुतण्याच्या वयाची मुलं हल्ली रविवारी उंच टायरच्या गाड्या घेऊन मलंगगडाच्या पायथ्याला, बारवीच्या बाजूला जातात. ओढ्यात गाडी घालायची, मुद्दाम रुतवायची, दुसऱ्या गाडीने ओढायची, व्हिडिओ काढायचा. याला ऑफरोडिंग म्हणतात. कुणाच्या मालकीच्या माळावर, परवानगीने, खुशाल करावं. पण राखीव जंगलात गाडी घालणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या ओढ्यावर खालच्या पाड्यातल्या बायका भांडी घासतात तो दोन तास गढूळ करून ठेवायचा ही मर्दुमकी मला कळत नाही. शिकार बंद झाली, पण शिकाऱ्याची हौस गेली नाही, ती अशी निघते. (पुतण्या हे वाचतोस ना? वाच.)

तर शेवटी मी महिंद्राच्या बोलेरो कॅम्परपाशी येऊन थांबलोय. दोन रांगांची केबिन, मागे टनभर माल, चारही चाकांना जोर असलेली आवृत्ती बघतोय, किंमत दहाच्या आसपास. रूप म्हणाल तर पत्र्याची पेटी. मागे पाट्यांची स्प्रिंग असल्याने हौदा रिकामा असला की खड्ड्यात उसळते; चार पोती भात टाकलं की शहाणी होते. तोटा असा, की ही मालवाहू म्हणून पासिंग होते. पिवळी पाटी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. व्ही-क्रॉसला पांढरी पाटी मिळते, त्या पाटीचे आपण बरेच पैसे मोजतो असं माझं मत झालंय. लायसन्सची मला धास्ती होती, पण साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही तेच कायम केलं.

ही पिवळ्या पाटीवरून थोडी नाराज आहे. "लग्नाला जाताना टेम्पो घेऊन जायचं का?" असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकलने जाऊ म्हणालो.

वाचलेल्या पैशातून खालच्या तुकड्याला सौरकुंपण घालायचं आहे. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे, आमचं गाव बसतं का याची चौकशी चालू आहे. तारेला डुक्कर चिकटून मरत नाही, झटका बसून मागे फिरतं. थेट मेनलाइनचा करंट तारेत सोडणारे महाभाग आहेत. त्यात डुकराबरोबर माणसंही जातात. तसलं काही आमच्या बांधावर होणार नाही हे दादाकडून वदवून घेतलंय.

हे सगळं मी दिवाळीत मोठ्या अभिमानाने सर्वांपुढे मांडलं. भाचा म्हणाला, "मामा, यू आर बोअरिंग." वहिनी भाकऱ्या थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या पैशात वहाळावर साकव नाही का होणार?"

सगळे गप्प झाले. दोन शनिवार शोरूममध्ये घालवले, टेप घेऊन मांडी मोजली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नुसत्या पायी साकवावरून दादाला खाटेवर घालून चार माणसांनी पलीकडे नेलं असतं, पाणी कितीही असतं तरी. साकव आपण आपल्या खिशातून असा बांधू शकत नाही, वहाळ सरकारी आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, त्याला किती पावसाळे लागतील ते पंचायतीलाच ठाऊक. पण गाडीचा अर्ज आपल्या हातात असतो म्हणून आपण गाडीच घेतो, हे वहिनीने बरोबर पकडलं. गाडी तरीही लागणारच आहे. वहाळ वर्षातले दहा-बारा दिवसच अडवतो, चिखल चार महिने असतो, आणि दादाला अंबरनाथला तपासायला आणायचं असतंच. तरी साकवाच्या अर्जाची पोच मी गाडीच्या कोटेशनबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवली आहे.

बुकिंग अजून केलेलं नाही. परवा दादाने फोनवर विचारलं, "मागच्या दाराची पायरी केवढी उंच आहे रे?" इंजिन, टायर, पाटी, सगळं मी त्याला सांगितलं होतं, हे मोजलं नव्हतं. मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येईल का, हेही नाही. दादा आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतो. येत्या रविवारी शेजाऱ्याच्या जीपमधून बदलापूरपर्यंत येतो म्हणालाय. मी टेप घेऊन जाणार आहे. आधी तो चढून बघेल, मग पैसे भरू.